कंसातली ओळ

*बाई, सप्रेम सलाम.*

*माझं वय 46. मला 'तू'च म्हणा. नगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते, शाळेत शिकवते. वडील तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वर्ष व्हायच्या आत भावाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. मी सही केली नाही. त्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी आईच्या खाटेपाशीच आमचं मोठं भांडण झालं. (तेव्हा रागाच्या भरात मीही त्याला आईवरून एक वाक्य बोलले, ते इथे लिहीत नाही.) तेव्हापासून बोलणं बंद. आईला अर्धांग झालंय, ती त्याच्याकडेच असते. तो घरी नसेल ती वेळ बघून मी तिला भेटून येते.*

*भाऊ आणि मी एकाच मंडळीत, एकाच चर्चला. तो पुढे बसतो, मी शेवटच्या बाकावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षाचा रस वाटून घ्यायचा विधी. तो घेतो, मी घेत नाही. पाळक 'अयोग्य रीतीने' हे वचन वाचतात, तेव्हा माझ्याकडेच बघतात असं वाटतं. भाऊ लोकांना सांगतो की बायबलमध्ये प्रेषित पौलाने लिहिलंय, विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये, अन्याय सोसावा. आमच्या शेजारी वसईकडच्या कॅथलिक बाई आहेत, त्या म्हणतात आधी पापनिवेदन कर, मग घे. मुलगी पंधरा वर्षांची, प्रभुभोजन घ्यायला लागण्याआधीच्या दृढीकरणाच्या वर्गाला जाते. परवा म्हणाली, 'आई, तू घेत नाहीस, मग मी कशाला घेऊ?' मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगू? आता मलाच प्रश्न पडतो. नखाएवढा पावाचा तुकडा आणि घोटभर रस. नाही घेतला तर नेमकं काय बुडतं? नाव छापू नका.*

प्रिय मुली, सलाम.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मी आधी हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले. एकतीस वर्षं मी पाळकीणबाई होते. चार मंडळ्या झाल्या, चार स्वयंपाकघरं झाली, आणि त्या चारही ठिकाणी प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे. काळ्या मनुका शुक्रवारी रात्री धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी उकळून, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. ब्रेडच्या कडा काढून चौकोनी तुकडे करायचे. कडा आमची पोरं दुधात घालून खायची. काचेचे ते अंगठ्याएवढे पेले रविवारी दुपारी मोजून धुवायचे, कारण एखादा कुणाच्या तरी बाकावर राहून जायचाच. त्यामुळे हा विधी मला वेदीच्या बाजूने कमी आणि मोरीच्या बाजूने जास्त ठाऊक आहे. यजमानांच्या कपाटातली पुस्तकं मात्र मी त्यांच्यापेक्षा जास्त वाचली, हे तेच सांगत.

काय बुडतं? आकाश कोसळत नाही. नगरात राहणाऱ्या माणसाला मुक्तिफौज, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी हा ख्रिस्ती पंथ, सांगायला नको. त्यांच्या दवाखान्यात जन्मलेली माणसं तुझ्याही ओळखीत असतील. त्या मुक्तिफौजेत 1883 पासून प्रभुभोजनाचा विधीच नाही. त्यांचं म्हणणं असं की सगळं जेवणच प्रभूच्या स्मरणाने जेवावं. तेही ख्रिस्तीच आहेत, आणि सेवेत आपल्या पुढेच आहेत. तेव्हा तुकडा पोटात गेला नाही म्हणून देव रुसला, असं मी तुला सांगणार नाही. हा काही ताईत नव्हे, आणि चुकला म्हणून दंड पडावा असा नवसही नव्हे.

पण तू मुक्तिफौजेतली नाहीस. तुमच्या मंडळीत मेज मांडलं जातं, तुला बोलावलं जातं, आणि तू बसून राहतेस. न मांडलेल्या पंगतीला न जाणं आणि मांडलेल्या पंगतीतून उठणं, यातला फरक मराठी माणसाला कुणी समजावायला लागत नाही. लग्नाच्या पंगतीतून एक मामा न जेवता उठला तर पुढची दहा वर्षं त्याचीच गोष्ट सांगतात.

आता ते वचन: जो अयोग्य रीतीने ही भाकर खाईल तो प्रभूच्या शरीराबद्दल दोषी ठरेल. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. तुझ्या उरावर बसलंय ते. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या ते असं ऐकवलं गेलं की माणसाने आदल्या आठवड्यातली पापं मोजावीत, आणि हिशेब जुळला नाही तर हात मागे घ्यावा. माझी सासू ज्या महिन्यात सुनांशी भांडायची त्या महिन्यात प्रभुभोजन घेत नसे. म्हणजे तिने ते फारसं घेतलंच नाही.

पण पौल हे कशावरून लिहीत होता ते बघ. करिंथ हे बंदराचं, पैशाचं शहर. पहिल्या शतकाची पन्नाशी. मंडळीला स्वतंत्र इमारत नाही, एखाद्या बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या घरी सगळे जमत. तिथली जेवणाची खोली नऊ-दहा जणांना टेकून जेवता येईल एवढीच, बाकीचे चौकात. प्रभुभोजन म्हणजे तेव्हा खरोखरचं जेवण होतं. ज्यांना काम नव्हतं ते लवकर येऊन आपापलं आणलेलं खाऊन मोकळे व्हायचे. गुलाम आणि मजूर दिवस संपवून यायचे तोवर भांडी पालथी. पौल तेच लिहितो, एक भुकेला राहतो आणि एक पिऊन तर्र होतो. हे प्रभुभोजनच नव्हे, असं तो तोंडावर सांगतो. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असंही म्हणतो. आणि या संतापाच्या पोटी ते 'अयोग्य रीतीने' येतं.

रीतीने. लायक नसलेल्या माणसाने खाऊ नये, असं त्याने लिहिलेलंच नाही. तसं असतं तर मेजावर पाळकही उरले नसते, मी तर मोरीतूनच परत गेले असते. तो बोलतोय खाण्याच्या रीतीबद्दल, शेजारी भुकेला असताना आपण हात धुऊन बसण्याबद्दल. 'शरीर न ओळखता' जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे त्याचं पुढचं वाक्य. आता हे शरीर म्हणजे भाकरीतला ख्रिस्त की समोर बसलेली मंडळी? दोन्ही बाजूंनी विद्वान आहेत. आदल्याच अध्यायात पौलाने म्हटलंय की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. म्हणून मी दोन्ही अर्थ धरते. आणि आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि 'मग खावं', असं तिथे आहे. परीक्षा करून खाऊ नये, असं नाही. सगळा उपदेश झाल्यावर पौल शेवटी काय सांगतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. इतकं साधं. कुठल्याही आईने सांगावं असं.

तुझ्या पाळकांची नजर तुझ्यावर असते की तो तुझा भास आहे, मला माहीत नाही. यजमान सांगायचे की ते वचन वाचताना त्यांचे डोळे हमखास शेवटच्या बाकावर जायचे, कारण तिथलं घड्याळ त्यांना दिसायचं.

आपण या भोजनाला एकेकट्याचं करून टाकलं, ही माझी जुनी तक्रार आहे. ते पेलेच बघ. सुरुवातीला प्याला एकच होता, हातोहात फिरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रोगजंतूंची धास्ती पसरली आणि एकेका माणसाचा वेगळा पेला आला. रसाचीही तशीच गोष्ट. वेल्च नावाचा एक मेथडिस्ट दंतवैद्य होता, त्याला प्रभुभोजनात दारू नको होती. 1869 मध्ये त्याने द्राक्षाचा रस तापवून न आंबता टिकवायची युक्ती काढली. दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने आल्या, आणि करोनानंतर तर पेल्यांविरुद्ध बोलायची सोय नाही. पण ट्रेमध्ये चाळीस पेले, प्रत्येकाने आपला उचलायचा, डोळे मिटायचे, प्यायचा. शेजारी कोण आहे हे न बघताही हे जमतं. एका प्याल्याला ते जमत नव्हतं. तो तुझ्या हातात यायचा तो दुसऱ्याच्या ओठांवरून.

आणि आपल्या मुलखात त्या ओठांवर काय काय अवलंबून होतं! नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. तिथल्या मंडळीत आधी आली ती महार-मांग समाजातली माणसं, आणि 1839 मध्ये हरिपंत खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण त्याच मंडळीत आले. ज्या काळात विहीर वेगळी, पाणवठा वेगळा, सावलीसुद्धा वेगळी, त्या काळात भाकर एक आणि प्याला एक. रोटीव्यवहार मोडायला त्यांना वेगळी सभा भरवावी लागली नाही. मेजाशी जाणं हीच ती सभा होती. बाप्तिस्म्याने माणूस घरातून तुटायचा, आणि या मेजाशी नवं घर धरायचा. हे सगळीकडे एवढं सरळ झालं नाही, तेही सांगते. तंजावर-मद्रासकडच्या मंडळ्यांत ख्रिस्ती झाल्यावरही जातीप्रमाणे वेगळं बसणं आणि वेगळ्याने प्रभुभोजन घेणं चालू होतं. कोलकात्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी 1833 मध्ये हुकूम काढला की हे भेद निर्णायकपणे, ताबडतोब आणि कायमचे सोडले पाहिजेत. त्यावर कित्येक वरच्या जातींचे लोक मंडळीच सोडून गेले. म्हणजे त्यांना ख्रिस्त चालत होता, शेजारी चालत नव्हता.

वारकऱ्यांना हे कळतं. काल्याच्या कीर्तनानंतर एकमेकांच्या तोंडात घास घालतात तेव्हा कोण कुणाचा हे विचारायचं नसतं. काला आणि प्रभुभोजन एकच आहे असं मी म्हणत नाही, श्रद्धा वेगळ्या आहेत. पण देवाला भेटायचं तर शेजाऱ्याच्या हातचं खावं लागतं, हे मराठी मातीला नवं नाही.

तर तू विचारलंस काय बुडतं. भावाचा शेजार बुडतो. पहिल्या रविवारी तू ख्रिस्तापासून लांब राहत नाहीस, तो काही शेवटच्या बाकाला घाबरणारा नाही. तू लांब राहतेस ती भावापासून, आणि दोष ख्रिस्ताच्या मेजावर टाकतेस. राग येईल, पण पुढेही वाच. तुझं न घेणं गुपचूप नाही. गावातल्या मंडळीत सत्तर-ऐंशी माणसं असतील, आणि दर महिन्याला ट्रे तुझ्यापाशी येऊन तशीच पुढे जाते हे त्यातल्या प्रत्येकाने बघितलंय. तुला कळो न कळो, तो एक निरोप झालाय: बघा, हा माणूस घेतो आणि मी घेत नाही, कोण प्रामाणिक ते तुम्हीच ठरवा. उपाशी राहूनही वाढणाऱ्यावर राग काढता येतो, आपण बायका त्यात तरबेज असतो.

आता जमिनीचं. इथे मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे, त्यामुळे लवकर आटपते. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाच्या वारसाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर आईचा एक, तुझा एक, त्याचा एक. तू भीक मागत नाहीस. भावाने तुला पौल ऐकवला, पहिल्या करिंथकरांचा सहावा अध्याय. खरं आहे, तिथे पौल विचारतो की तुम्ही त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. पण भावाला म्हणावं, पुढचं वचन वाच. तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या बंधूंना! ते वचन भावासाठी आहे. शिवाय आधी आपल्यातल्या कुणा शहाण्याकडून निवाडा करून घ्या, असंही पौल तिथेच सुचवतो. तेव्हा मंडळीतले दोन वडीलधारे आणि एक वकील घेऊन बसा. नाहीच जमलं तर कायद्याचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याने गेलेला माणूस प्रभुभोजनाला मुकत नाही. क्षमा केली म्हणून सही करावी लागत नाही. प्रभूच्या नावाने हक्कसोडपत्र मागणाऱ्याला सरळ नाही म्हण. मेज एकीकडे आणि सातबारा एकीकडे.

हे झालं सातबाऱ्याचं. मी तुझं पत्र चारदा वाचलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. भावाने काय काय केलं ते तू सविस्तर लिहिलंस. जागा कमी म्हणून वर फक्त थोडंच छापलंय, मूळ पत्रात दोन पानं आहेत. आणि तू काय केलंस ते एका ओळीत, कंसात. आईवरून एक वाक्य बोलले, ते इथे लिहीत नाही.

मला ते वाक्य नको आहे. पण ते आईच्या खाटेपाशी बोललं गेलं, म्हणजे तिनेही ऐकलं. अर्धांगाने जीभ जड झाली असेल, कान तर झाले नसतील. आणि भाऊ तिचं सगळं करतो, हेही तुझ्याच पत्रात आहे, पाचव्या परिच्छेदात, ओझरतं. जमिनीत तो चुकतोय आणि अंथरुणापाशी तो बरोबर आहे. एकाच माणसाची ही दोन्ही अंगं आहेत, आणि तू त्या बरोबर अंगावर घाव घातलास. मला वाटतं, शेवटच्या बाकावर तुला बसवतंय ते हे वाक्य. जमिनीच्या अन्यायाने माणूस ताठ बसतो, मागे नाही बसत.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन तुला पाठ असेल. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. बघ, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे हे तिथे विचारलेलंच नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काय आहे ते विचारलंय. येशूने सगळा हिशेब उलटा धरायला लावला. आणि 'मग येऊन दान अर्पण कर' हे शेवटचं लोक विसरतात. जा म्हटलंय तसंच ये म्हटलंय. तू निम्मं वचन पाळलंस. दान ठेवलंस आणि घरी निघून गेलीस, दोन वर्षांसाठी.

एक माझंही सांगते. एका मंडळीत एका बाईचं आणि माझं फाटलं होतं. कारण सांगायला लाज वाटते: लग्नाला दिलेली पितळेची पातेली परत आली त्यात एक कमी होतं, आणि मी ते चारचौघांत बोलले. पाळकीणबाईने चारचौघांत बोललेलं म्हणजे गावभर झालं. तीन वर्षं आमचं 'सलाम'पुरतंच होतं. मी दर महिन्याला प्रभुभोजन घेत होते, तुझ्यासारखी प्रामाणिकही नव्हते. एका शनिवारी ब्रेड कापता कापता सहज मनात आलं की यातला कुठला तरी तुकडा तिच्या हातात जाणार, आणि तो मी कापलेला असणार. हात थांबला. काही दर्शन वगैरे झालं नाही, दूध उतू जात होतं म्हणून उठले, एवढंच. पण संध्याकाळी तिच्या दारात गेले. आधीचा एक डबा तिचाच माझ्याकडे होता, तेवढं निमित्त. म्हटलं, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. ती म्हणाली, बसा, चहा टाकते. पातेल्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही, ते पातेलं आजतागायत सापडलेलं नाही. आम्ही मैत्रिणी झालो असंही नाही. पण दुसऱ्या दिवशी ट्रे तिच्या बाकापाशी गेली तेव्हा मला खाली बघावं लागलं नाही.

तेव्हा तू भावाकडे जा. तो घरी नसेल ती वेळ बघून नको, तो असेल ती वेळ बघून. कागद नेऊ नकोस, नवऱ्याला नेऊ नकोस. जमिनीचा विषय त्याने काढला तर म्हण, तो दुसऱ्या दिवशी, वडीलधाऱ्यांसमोर. आज एका वाक्यासाठी आलेय. आणि त्या वाक्याची माफी माग, आईच्या देखत, कारण ते तिच्या देखत बोलली होतीस. 'पण तूही' हे दोन शब्द घशाशी येतील. ते गिळ.

तो दार लावून घेईल, अशी भीती असेल. लावेलही. त्यासाठी जुन्या मंडळीने विचार करून ठेवलाय. इंग्लंडच्या मंडळीच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात याची सूचनाच आहे. दोघांत वैर असेल तर समेट होईपर्यंत पाळकाने त्यांना मेजापाशी घेऊ नये. पण एकाने मनापासून क्षमा केली, स्वतःच्या चुकीची भरपाई करायची तयारी दाखवली, आणि दुसरा हट्टाला पेटून राहिला, तर ज्याचं मन वळलं त्याला द्यावं, हट्टी माणसाला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणालातरी तुझ्यासारखंच पत्र आलं असणार. समेट दोघांच्या हातात असतो, पण दार ठोठावणं एकाच्याच. ते झालं की तू मोकळी. त्याने काय करावं हे त्याचे पाळक बघतील. तू दुर्बीण लावू नकोस.

शेजारणीचं म्हणशील तर त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. कॅथलिक श्रद्धेत भाकर-द्राक्षारस हे खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, म्हणून मोठं पाप मनावर असेल तर आधी धर्मगुरूंकडे पापनिवेदन. आपल्याकडे ती सक्ती नाही. पण कुणातरी माणसाच्या तोंडावर 'मी चुकले' म्हणायला लागणं, यात त्यांनी जे ओळखलंय ते आपण सोडून दिलं, असं मला कधीकधी वाटतं. देवाला मनातल्या मनात सांगणं फार स्वस्त पडतं. या भाकरीच्या अर्थावरून थोरामोठ्यांचीही भांडणं झाली आहेत. ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक 1529 मध्ये जर्मनीत मारबुर्गला समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचं जमलं, आणि पंधराव्यात प्रभुभोजनावर फिसकटलं. ज्या मेजाने एक व्हायचं त्याच मेजावर. म्हणून त्या बाईंशी वाद घालू नकोस, चहा घे.

मुलीला मात्र खरं सांग. वकिली भाषेत नको, मामा वाईट आहे असंही नको. सांग की मी एक चूक केली आणि ती कबूल करायला मला दोन वर्षं लागली. पंधरा वर्षांच्या पोरीला दृढीकरणाच्या वर्गात इतकं कुणी शिकवणार नाही. तिला असंही सांग की ज्या रात्री हे मेज पहिल्यांदा मांडलं गेलं, त्या रात्री तिथे एकही नीट माणूस नव्हता. लूक लिहितो की येशूला धरून देणाऱ्याचा हात त्याच मेजावर होता. शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी याला ओळखत नाही' म्हणणार होता. बाकीचे, आपल्यात मोठा कोण, यावरून जेवतानाच भांडले. येशूने कुणालाही उठवलं नाही. लायकी बघून वाढायचं असतं तर त्याला एकट्यालाच जेवावं लागलं असतं.

आणि आता जे मला सुरुवातीलाच विचारायचं होतं ते. आईला शेवटचं प्रभुभोजन कधी मिळालं? तुझ्या सबंध पत्रात त्याचा उल्लेख नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर, साधारण 155 मध्ये, जस्टिन नावाच्या ख्रिस्ती माणसाने रोमच्या बादशहाला उद्देशून लिहिलंय की रविवारी आमचं भोजन झालं की जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी सेवक भाकर पोचवतात. तेव्हापासूनची रीत आहे ही. तुमचे पाळकही आजाऱ्यांकडे जात असतील, आईकडे गेले नसतील तर कुणी बोलावलं नसेल म्हणून. दोघं एकमेकांवर रुसलात आणि तिचं ताट मागेच राहिलं.

माफी मागून झाली की त्याच आठवड्यात पाळकांना फोन कर. मग भावाला कर, आणि एवढंच विचार की आईसाठी पाळक यायचे आहेत, किती वाजता आणू. तो 'ये' म्हणाला तर मुलीला बरोबर ने, ट्रे तिच्या हातात दे. खाटेभोवती किती जण असतील ते मोजून पेले घ्या, भावाचा आणि वहिनीचा धरून. ते घेतील न घेतील, पेला असू दे. आईला गिळायला त्रास होत असेल तर पाळकांना आधीच कळव, ते तुकडा रसात भिजवून देतात. डोकं जरा उंच धरावं लागेल. एका बाजूने तू धर, दुसरी बाजू त्याला सवयीची असेल.

तुझी,
बाई